नागपूरची मध्यरात्र आणि सहा आकडे

१९४९ सालचा जानेवारी संपत आला होता. नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर मध्यरात्रीच्या सुमाराला एकामागून एक डाकोटा विमानं उतरू लागली. एक मुंबईहून, एक दिल्लीहून, एक कलकत्त्याहून, एक मद्रासहून. प्रत्येकाच्या पोटात टपालाच्या पिशव्या आणि त्यांच्यामध्ये जागा मिळेल तिथे बसलेले थोडे उतारू. विमानं शेजारी शेजारी उभी राहिली की पिशव्यांची अदलाबदल सुरू व्हायची. मुंबईची पिशवी कलकत्त्याच्या विमानात, मद्रासची दिल्लीच्या विमानात. उतारूंना जागं करून खाली उतरवायचे, चहा-खाणं द्यायचे आणि आपापल्या गावच्या विमानात बसवायचे. मग विमानं जिथून आली होती तिकडे परत उडायची. मुंबईत संध्याकाळी पेटीत टाकलेलं पत्र दुसऱ्या दिवशी कलकत्त्यात वाटपाला निघायचं.

स्वातंत्र्याला तेव्हा दीड वर्षही झालं नव्हतं. दळणवळण खातं रफी अहमद किडवाईंकडे होतं आणि ही रात्रीच्या विमानटपालाची कल्पना त्यांनी हट्टाने रेटली. जे. आर. डी. टाटांचा तिला विरोध होता. रात्री विमान सुखरूप उतरवायला जमिनीवर ज्या सोयी लागतात त्या आपल्याकडे पुरेशा नाहीत, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यात तथ्य होतं. ज्या कंपनीने सुरुवातीला हे काम अंगावर घेतलं, तिने काही महिन्यांतच हात टेकले. मग हिमालयन एव्हिएशन पुढे आली, १९५३ मध्ये विमान कंपन्यांचं राष्ट्रीयीकरण झाल्यावर इंडियन एअरलाइन्सने हे काम उचललं आणि विमानं नागपूरला भेटत राहिली. १९४९ च्याच एप्रिलपासून आणखी एक गोष्ट झाली. देशातली साधी पत्रं जादा पैसे न घेता विमानाने जाऊ लागली. विमानाचा वेग ही श्रीमंतांची चैन राहिली नाही, साध्या तिकिटात ती शेतकऱ्याच्या पत्रालाही मिळाली.

१९७३ मध्ये अमेरिकेतल्या मेम्फिस शहरात फेडेक्स नावाच्या कंपनीने असंच काम सुरू केलं. सगळीकडची विमानं रात्री एका मध्यवर्ती ठिकाणी आणायची, माल वेगळा करायचा, पहाटे परत पाठवायचा. ती कंपनी जगभर गेली आणि तिची ही पद्धत व्यवस्थापनाच्या पुस्तकांत धडा म्हणून आली. नागपूरचं नाव त्या धड्यात नाही. फेडेक्सने आपली कल्पना उचलली असं मी म्हणत नाही, दोन ठिकाणी एकच गोष्ट सुचू शकते. पण टपालखातं झोपलं होतं, कुरिअरवाले आले आणि त्यांनी त्याला मागे टाकलं, अशी जी गोष्ट आपण सहज सांगतो, ती ऐकताना मला सोनेगावची ती रात्र आठवते. टपालखात्याचा इतिहास नीट पाहिला तर बहुतेक नव्या गोष्टी त्यानेच आधी केलेल्या दिसतात. त्यातल्या कित्येकांवर पुढे दुसऱ्यांनी धंदा उभा केला.

मूळ १८५४ मध्ये आहे. डलहौसीच्या काळात टपालाचा कायदा झाला आणि पाव तोळ्याच्या पत्राला अर्धा आणा असा दर साऱ्या देशासाठी ठरला. त्याआधी जितकं लांब तितके जास्त पैसे पडत. आता पुण्याहून साताऱ्याला पत्र धाडा नाहीतर पेशावरला, दर एकच. जवळच्याने लांबच्याचा थोडा भार उचलायचा, शहराने खेड्याचा उचलायचा, हे त्या अर्ध्या आण्यात ठरून गेलं. राज्य परक्यांचं होतं आणि त्यांचे हेतू त्यांचे होते. तरी हा करार पुढे टिकला आणि टपालखात्याची ताकद नि त्याचा तोटा, दोन्ही त्यातूनच आले.

पुढच्या शतकाचा बराचसा साचा अवघ्या पाच वर्षांत तयार झाला. १८७७ मध्ये व्हीपी, १८७९ मध्ये पाव आण्याचं पोस्टकार्ड, १८८० मध्ये मनीऑर्डर, १८८२ मध्ये बचत बँक. व्हीपी म्हणजे काय, ते आजच्या तरुणांना वेगळ्या नावाने माहीत आहे. वस्तू दारात आली की पैसे द्यायचे आणि ते पैसे विकणाऱ्याला पोचवायचे. मराठी प्रकाशकांची पुस्तकं, दिवाळी अंक, औषधांच्या बाटल्या कितीतरी वर्षं व्हीपीनेच गावोगाव गेल्या. ऑनलाइन दुकानं आली आणि ‘कॅश ऑन डिलिव्हरी’ची जाहिरात सुरू झाली, तेव्हा व्हीपीला सव्वाशेहून अधिक वर्षं होऊन गेली होती.

मनीऑर्डरीने मुंबई आणि कोकण यांना एकमेकांशी बांधलं. चाकरमानी गिरणीत राबायचा, पगार झाला की पोस्टाच्या खिडकीशी रांग लावायचा. इकडे गावात पोस्टमनची वाट पाहिली जायची. फॉर्मच्या खालच्या तुकड्यावर दोन ओळी लिहायची जागा असायची आणि तेवढ्या जागेत मुलाची तब्येत, गणपतीला येणार की नाही, म्हशीचं काय झालं, सगळं मावायचं. ज्या घरात कोणाला वाचता येत नव्हतं तिथे पोस्टमनच ते वाचून दाखवायचा आणि अंगठ्याखाली साक्ष घालायचा. कोकणची मनीऑर्डरीवरची अर्थव्यवस्था असा शब्दप्रयोग अभ्यासकांच्या लेखनातही रूढ झाला. साताऱ्याच्या आणि सांगलीच्या कोरडवाहू भागांची गोष्टही फार निराळी नव्हती. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, तेव्हा मुंबईत काय चाललंय हे गावांना वर्तमानपत्राआधी न आलेल्या मनीऑर्डरीने कळलं असेल.

स्वातंत्र्याच्या वेळी देशात २३,३४४ टपाल कार्यालयं होती. आज दीड लाखाच्या वर आहेत, त्यातली दहांत नऊ ग्रामीण भागात. जगात कुठल्याच देशाचं टपालाचं जाळं इतकं मोठं नाही. ते इतकं पसरलं ते एका जुन्या आणि स्वस्त युक्तीवर. खेड्यातल्या शाळामास्तरांकडे किंवा दुकानदाराकडे दिवसातले काही तास पोस्टाचं काम सोपवायचं. या लोकांना खात्याबाहेरचे नोकर म्हणत, आता ते ग्रामीण डाक सेवक आहेत. शाखा डाकघराची जागाही बहुतेक वेळा त्यांनीच द्यायची, म्हणजे ओटीवर एक टेबल, एक लाकडी पेटी आणि शिक्का. त्यांचं मानधन, त्यांची पेन्शन यांवरून समित्या बसल्या, संप झाले, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. देशाचं सर्वांत लांबवरचं दार ज्यांच्यामुळे उघडतं, त्यांनाच खात्याने आपल्या उंबऱ्याबाहेर ठेवलं, ही या इतिहासातली मला सर्वांत बोचणारी बाब आहे. आधुनिकीकरणाच्या कुठल्याही टप्प्यावर तिची पुरती भरपाई झालेली नाही.

आता सहा आकड्यांकडे येतो. श्रीराम भिकाजी वेलणकर हे रत्नागिरी जिल्ह्यातले, जन्म १९१५ चा. दळणवळण मंत्रालयात अतिरिक्त सचिव आणि डाकतार मंडळाचे वरिष्ठ सदस्य. त्याहून त्यांची खरी ओळख संस्कृत कवी आणि नाटककार अशी. शंभरावर पुस्तकं आणि नाटकं त्यांच्या नावावर आहेत. त्यांनी एक विलोमकाव्यही लिहिलं, जे सरळ वाचलं तर रामाची स्तुती होते आणि उलट वाचलं तर कृष्णाची. टपालाचं काम आणि ही काव्यरचना एकाच माणसाला जमावी याचं मला पूर्वी नवल वाटायचं. एकदा रेल्वे मेल सर्व्हिसच्या, म्हणजे आर.एम.एस.च्या, सॉर्टिंगची पद्धत समजून घेतली आणि नवल ओसरलं. आपण पत्ता लिहितो तो नावापासून: अमुक, मुक्काम तमुक, पोस्ट, तालुका, जिल्हा. सॉर्टर तो वाचतो खालून वर: आधी राज्य, मग जिल्हा, मग पोस्ट, मग गाव. पत्ता हा त्याच्यासाठी मुळातच उलटा वाचायचा मजकूर आहे.

अडचण अशी होती की हा उलटा मजकूर वाचणं दिवसेंदिवस कठीण होत चाललं होतं. पत्ते डझनभर भाषांत आणि लिप्यांत यायचे. तमिळमध्ये लिहिलेला पत्ता मुंबईच्या सॉर्टरने कसा वाचावा? त्यात गावांच्या नावांची गंमत. आपल्याच महाराष्ट्रात वडगाव किती, पिंपळगाव किती, नांदगाव किती! तालुका लिहायला विसरलं की पत्र दोन-तीन वडगावं हिंडून यायचं. जुने सॉर्टर हजारो गावं पाठ करून ठेवत आणि लाकडी खणांत पत्रं न पाहता फेकत, पण ती विद्या त्या माणसाबरोबर निवृत्त व्हायची.

१५ ऑगस्ट १९७२ ला, स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवाच्या दिवशी, वेलणकरांनी रचलेला सहा आकड्यांचा पिनकोड लागू झाला. देशाचे आठ विभाग आणि लष्करी टपालासाठी नववा. पहिला आकडा विभागाचा, दुसरा उपविभागाचा, तिसऱ्यापर्यंत वाचलं की सॉर्टिंगचा जिल्हा, शेवटचे तीन आकडे वाटपाच्या पोस्टाचे. जो पत्ता खालून वर वाचावा लागत होता तो आता डावीकडून उजवीकडे वाचता येऊ लागला आणि तोही कुठल्याही भाषेच्या माणसाला. ४०, ४१, ४२, ४३, ४४ महाराष्ट्राचे. गोव्याला ४०३. मुंबईच्या जीपीओला ४००००१.

हे आकडे नकाशासमोर धरून पाहावेत, त्यात भूगोलाबरोबर इतिहासही सापडतो. रत्नागिरीचा पिन ४१५६१२ आणि साताऱ्याचा ४१५००१. सावंतवाडी ४१६५१० आणि कोल्हापूर ४१६००१. कोकणातली ही गावं पहिल्या तीन आकड्यांत मुंबईशी जोडलेली नाहीत, घाटावरच्या गावांशी जोडलेली आहेत. १९७२ मध्ये कोकणात रेल्वे नव्हती, ती पूर्ण झाली १९९८ मध्ये. टपाल घाट उतरून यायचं, आणि आकडे बसले ते टपालाच्या वाटेवर, जिल्ह्याच्या हद्दीवर नव्हे. कोकण रेल्वे धावू लागली तरी कुंभार्ली आणि आंबोलीची वाट त्या आकड्यांत तशीच राहिली आहे.

वेलणकर १९७३ च्या अखेरीला निवृत्त झाले. त्यांच्या कामाचा उपयोग कोणी कोणी केला, याची यादी करणं अवघड आहे. बँका, विमा कंपन्या, गॅस एजन्सी, मतदारयादी आणि पुढे प्रत्येक कुरिअर कंपनी, प्रत्येक ऑनलाइन दुकान. मोबाइलवर आपण सहा आकडे टाकतो आणि ‘या पत्त्यावर वस्तू पोचवता येते’ किंवा ‘येत नाही’ असं उत्तर येतं. ते आकडे टपालखात्याचे आहेत आणि खात्याने त्यासाठी कधी भाडं घेतलेलं नाही. ‘येत नाही’ असं उत्तर आलं, तरी पोस्ट तिथे जातंच.

१९८५ मध्ये घर फुटलं. डाक आणि तार एकत्र नांदत होते, ते वेगळे झाले आणि टेलिफोन स्वतंत्र खात्यात गेला. टेलिफोन कमवायचा, टपालाला खर्च यायचा. वाटणीनंतर हा खर्च उघड्यावर आला. नेमक्या त्याच सुमाराला मुंबई-दिल्लीत कुरिअर सुरू झाले होते. ब्लू डार्ट १९८३ ची. त्याच्याही खूप आधीपासून गुजराती व्यापाऱ्यांचे अंगडिये हिरे आणि रोकड पोचवत होतेच, पण ते विश्वासाच्या वर्तुळातलं काम. कुरिअरने ऑफिसांचं काम घेतलं. माणूस संध्याकाळी तुमच्या टेबलापाशी यायचा, पाकीट घेऊन जायचा आणि दुसऱ्या दिवशी सहीचा कागद आणून दाखवायचा. पोस्टाच्या खिडकीशी जावं लागायचं, तेही तिच्या वेळेत.

कायद्याने पाहिलं तर हे चालायला नको होतं. १८९८ च्या टपाल कायद्याच्या चौथ्या कलमाने पत्रं नेण्याचा हक्क एकट्या सरकारला दिला होता. कुरिअरवाल्यांनी पत्राला पत्र म्हणणं सोडलं, त्याला ‘डॉक्युमेंट’ म्हटलं आणि धंदा वाढत गेला. कायद्याची अंमलबजावणी करावी तर सोय बंद पडते, न करावी तर हक्काला अर्थ राहत नाही, अशा कात्रीत सरकार वर्षानुवर्षं राहिलं. २००६ मध्ये ठरावीक वजनाखालची पत्रं टपालखात्यासाठी राखून ठेवण्याची दुरुस्ती पुढे आली. तिला जोरदार विरोध झाला आणि ती तशीच पडून राहिली.

टपालखात्याने बाजारात दिलेलं उत्तर वेगळं होतं. १ ऑगस्ट १९८६ ला स्पीड पोस्ट सुरू झालं. ठरलेल्या वेळेत पोचवू, नाही पोचलं तर पैसे परत. माझ्या मते हा त्या काळच्या सरकारी खात्याने घेतलेला सर्वांत धीट निर्णय होता, कारण आपली चूक मोजायला लोकांच्याच हाती माप दिलं. स्पीड पोस्ट चाललं, आजही चालतं. पण बाजाराचं गणित निर्दय आहे. कुरिअरने मोठी शहरं घेतली, जिथे एका इमारतीत पन्नास पाकिटं पडतात. पोस्टाकडे उरली ती एका पाकिटासाठी चार किलोमीटर चालायची गावं. जवळच्याने लांबच्याचा भार उचलायचा हा अर्ध्या आण्याचा करार जवळच्यांनी सोडून दिला होता. पन्नास पैशांचं पोस्टकार्ड पोचवायला त्याच्या कितीतरी पट खर्च येत होता आणि तो भरून काढणारी शहरातली पाकिटं दुसऱ्याच्या पिशवीत गेली होती.

यंत्रं आली. १९९३ मध्ये मुंबईत पत्रं आपोआप वेगळी करणारं केंद्र उभं राहिलं, मग चेन्नईत. २००८ मध्ये ‘प्रोजेक्ट ॲरो’ने काउंटर नवे केले, चिन्ह बदललं. २०१२ मध्ये मंत्रिमंडळाने ४,९०९ कोटी रुपयांची संगणकीकरणाची योजना मंजूर केली. टीसीएस आणि इन्फोसिस यांना कामं मिळाली, पोस्टाची बचत खाती बँकेसारखी एका जाळ्यात आली. सुरुवातीच्या वर्षांत खिडकीवर ‘लिंक नाही’ हे दोन शब्द वारंवार ऐकू यायचे. पासबुक घेऊन सकाळपासून बसलेल्या म्हाताऱ्यांना त्याचा अर्थ समजावणं पोस्टमास्तरांच्या नशिबी आलं. चूक कोणाची हे ठरवण्यात अर्थ नाही. दीड लाख ठिकाणं एका तारेने जोडायची आणि त्यातल्या हजारो ठिकाणी वीजच दिवसातून काही तास, हे काम जगात फारसं कोणी केलेलं नव्हतं.

याच काळात जुन्या गोष्टी एकेक करून गेल्या. १४ जुलै २०१३ च्या रात्री शेवटच्या तारा घेतल्या गेल्या. तार आता टपालखात्याकडे नव्हती, तरी लोक रांगा लावून आले, कारण त्यांच्या मनात ती पोस्टाचीच होती. १ एप्रिल २०१५ ला कागदी मनीऑर्डर बंद झाली. तिचं काम इलेक्ट्रॉनिक मनीऑर्डर आणि बँकेची खाती करू लागली. फॉर्मच्या तुकड्यावरच्या त्या दोन ओळींचं काम मात्र कोणी करत नाही, तेवढं मोबाइलवर बोलणं होतंच म्हणा.

पैसे पोचवण्याचं काम मात्र सुटलं नाही, त्याचं रूप बदललं. टपालखात्याला पूर्ण बँक व्हायचं होतं. २०१४ मध्ये रिझर्व्ह बँकेने बंधन आणि आयडीएफसी यांना परवाना दिला, टपालखात्याचा विचार वेगळा होईल असं सांगितलं. २०१५ मध्ये पेमेंट्स बँकेला तत्त्वतः मान्यता मिळाली, आणि १ सप्टेंबर २०१८ ला इंडिया पोस्ट पेमेंट्स बँक ६५० शाखांसह सुरू झाली. तोवर ‘दर्पण’ योजनेखाली ग्रामीण शाखांना सौर ऊर्जेवर चालणारी हातातली यंत्रं मिळू लागली होती. मार्च २०२० मध्ये देश बंद झाला. बस नव्हती, बँकेची शाखा तालुक्याला. त्या दिवसांत पोस्टमन आणि ग्रामीण डाक सेवक घरोघर जात होते. यंत्रावर अंगठा ठेवला की बँक कोणतीही असो, पेन्शनचे किंवा मदतीचे पैसे हातात मोजून देत होते. पूर्वी मनीऑर्डर घेताना अंगठा कागदावर उमटायचा, आता काचेवर.

१८९८ चा कायदा १८ जून २०२४ ला इतिहासजमा झाला. नव्या कायद्यात पत्रं नेण्याचा एकाधिकार नाही, तिकिटं काढण्याचा तेवढा सरकारकडे आहे. पुढच्याच वर्षी रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात मिसळलं, म्हणजे स्पर्धेसाठी जन्मलेल्या धाकट्याने थोरल्याला पोटात घेतलं. कोर्टाच्या नोटिसा, नेमणुकीची पत्रं, भावाभावांच्या वाटणीचे कागद ज्या नावाने घराघरांत आले, ते नाव काउंटरच्या फलकावरून उतरलं.

मे २०२५ मध्ये टपालखात्याने डिजिपिन आणला. आयआयटी हैदराबाद आणि इस्रोचं हैदराबादचं दूरसंवेदन केंद्र यांच्या मदतीने देशाचे साधारण चार मीटर बाय चार मीटरचे चौकोन पाडले आणि प्रत्येक चौकोनाला दहा अक्षरांचा पत्ता दिला. सहा आकडे पोस्टापर्यंत नेतात, ही दहा अक्षरं दारापर्यंत. ही रचनाही सगळ्यांना खुली ठेवली आहे, वापरायची त्याने वापरावी.

रत्नागिरीच्या वाड्यांमध्ये घरांना नंबर असतातच असं नाही. खालची वाडी, वरची वाडी, पऱ्याच्या पलीकडे, आंब्याखालचं घर, असेच पत्ते चालतात, आणि ते ठाऊक असलेला माणूस बहुतेक वेळा एकच असतो, ओटीवरचं शाखा डाकघर सांभाळणारा. त्या आंब्याखालच्या घरालाही आता दहा अक्षरं आहेत. दुपारी बॅग खांद्याला लावून तोच माणूस पऱ्या ओलांडून तिथे जातो.